तंबोऱ्यातला गंधार आणि कीबोर्डवरचा गंधार

कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज निवडावा, सा आणि शुद्ध गंधार या दोन पट्ट्या एकत्र दाबून धराव्यात आणि बोटे न उचलता आठ-दहा सेकंद ऐकत राहावे. दोन्ही स्वर ‘बरोबर’ असतात, कीबोर्ड नवा असतो, तरीही त्या जोडीत एक बारीक, भरभर चालणारी थरथर ऐकू येते. सा आणि पंचम यांची जोडी धरली तर ती थरथर जवळजवळ नाहीशी होते; गंधाराकडे परतले की पुन्हा सुरू. कोणी हा कीबोर्ड दुरुस्तीला नेला तर कारागीर तो तपासून तसाच परत देईल, कारण यंत्रात बिघाड नाहीच. ही थरथर कारखान्यातच घातलेली असते, आणि ती का घातली गेली याला चारशे वर्षांहून जुना इतिहास आहे. इतिहासाच्या शिक्षकाने संगीतावर लेख का लिहावा, असे ज्यांच्या मनात येईल त्यांना आमचे एवढेच उत्तर आहे.

दुसरे एक निमित्तही आहे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली काही मुले आज संगणकावर गाणी बांधतात, जयंतीच्या कार्यक्रमांसाठी संगीत तयार करतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचा समज असा की, कीबोर्डवर जे बारा स्वर मिळतात तेच निसर्गाने दिलेले बारा स्वर. हा समज खरा नाही, आणि तो दूर झाल्यास त्यांच्या कामात भर पडेल असे आम्हांस वाटते.

स्वरांचे नाते समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. पाचवीतले अपूर्णांक येत असले तरी पुरे. सा ची कंपनसंख्या सेकंदाला २४० धरू. वरचा सा त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८०. पंचम दीडपट, ३६०. मध्यम चार तृतीयांश पट, ३२०. गंधार सव्वापट, ३००. रिषभ नऊ अष्टमांश पट, २७०, आणि निषाद पंधरा अष्टमांश पट, ४५०. आकडे असे सुबक येतात ते नादाच्या घडणीमुळे. कोणतीही तार छेडली की ती एकाच वेळी पूर्ण लांबीने, अर्ध्याने, तिसऱ्या हिश्श्याने, चौथ्याने, पाचव्याने कंप पावते. त्यामुळे मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सहायक नाद उमटतात. तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे त्याहून वरच्या सप्तकातला गंधार.

तंबोऱ्याजवळ बसलेल्यांना हे पुस्तकाविना ठाऊक असते. तंबोऱ्याच्या चार तारा पंचम, सा, सा आणि खर्जाचा सा अशा लावलेल्या असतात. गंधाराची तार त्यात नसते. तरीही जवारी नीट लागली असेल, तारा एकमेकींत मिळालेल्या असतील, तर थोड्या वेळाने त्या गुंजनातून गंधार आपोआप ऐकू येतो. जुने गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार बरोबर सव्वापटीचा असतो, कारण तो सा च्याच पाचव्या हिश्श्यातून जन्मलेला असतो. तो कोणी लावला नाही, म्हणून कोणाला चुकवताही येत नाही. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांचा जो दृष्टान्त दिला तो आपल्या वाचकांस परिचित आहे: फार ताणलेली नको, फार सैलही नको. त्या उपदेशाचा विषय वेगळा; पण तार ठीक लागली की नाही याचा निवाडा त्या काळीही कानच करीत असे, एवढे त्यातून दिसते.

मग अडचण कोठे आली? ती आली बारा पट्ट्यांत. पंचमाची दीडपट बारा वेळा घेत गेलो की आपण फिरून सा वर यावयास हवे. पट्ट्या बाराच आहेत. सात सप्तके वरचा सा मूळ सा च्या १२८ पट असतो. दीडपट बारा वेळा केली तर मात्र उत्तर येते १२९.७४६. वर्तुळ मिटत नाही. थोडी फट उरते. गंधाराच्या वाटेने गेले तर फट उलट्या बाजूची: सव्वापट तीनदा घेतली की १.९५३ येते, सा पूर्ण दुप्पट होतच नाही. निसर्गाचे अपूर्णांक आणि बारा पट्ट्यांची चौकट एकमेकांत बसत नाहीत. गळ्याला याचा त्रास नाही, सारंगीला नाही, बासरीलाही फारसा नाही. त्रास आहे तो ज्या वाद्याचे स्वर आधीच बांधून ठेवावे लागतात त्याला.

युरोपात या फटीची वाटणी शतकानुशतके निरनिराळ्या रीतींनी होत राहिली. शेवटी जी रीत जिंकली ती सर्वांत सरळ होती: फट बाराही पट्ट्यांवर सारखी वाटून टाका. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६३ पट, बारा वेळा केले की नेमके दुप्पट. हा आकडा काढणाऱ्यांत चीनच्या मिंग राजघराण्यातील झू झाईयू यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १५८४ मध्ये हा हिशेब मांडला. नेदरलँड्समध्ये सायमन स्टेव्हिन याने १६०० च्या सुमारास तोच विचार केला. तथापि आकडा सापडला म्हणून तो लगेच वापरात आला नाही. बाखने १७२२ मध्ये चोवीस स्वरस्थानांतून जो प्रसिद्ध संग्रह रचला, तो याच समान पद्धतीसाठी होता असे सर्रास सांगितले जाते. त्याच्या शीर्षकात ‘नीट जुळवलेले’ एवढेच म्हटले आहे, समान जुळवलेले असे नाही. समान पद्धतीचे खरे राज्य सुरू झाले एकोणिसाव्या शतकात, पियानोचे कारखाने उभे राहिल्यावर. एकाच रचनेत सा वारंवार बदलणाऱ्या संगीताला ती सोयीची होती, आणि हजारो वाद्ये एकाच मापाने तयार करावयाची तर तीच परवडणारी होती.

या सोयीची किंमत कोणी किती दिली, हे पाहण्यासारखे आहे. संगीतातील अंतर मोजण्याचे माप सेंट. एका सप्तकाचे १२०० सेंट, शेजारच्या दोन पट्ट्यांतील अंतर १०० सेंट. पंचम नैसर्गिक स्थानापेक्षा फक्त २ सेंट उतरला, म्हणून तो कानाला खटकत नाही. गंधार १४ सेंट चढला. कोमल गंधार १६ सेंट उतरला. सा २४० असता कीबोर्डचा गंधार ३०० ऐवजी ३०२.४ येतो. सा चा पाचवा सहायक नाद १२०० आणि या गंधाराचा चौथा सहायक नाद सुमारे १२०९.५, दोहोंच्या टकरीतून सेकंदाला नऊ ते दहा विस्पंद निर्माण होतात. प्रारंभी सांगितलेली थरथर ती हीच. पंचमाच्या बाबतीत हेच विस्पंद सेकंदाला एकसुद्धा भरत नाहीत.

आपल्याकडे ही थरथर पेटीतून आली. युरोपची वाद्यपेटी येथे आली, जमिनीवर बसून वाजविता यावी म्हणून तिला हाताचा भाता लागला आणि पाहता पाहता ती घराघरांत गेली. यातील विसंगती लक्षात घ्या. युरोपने समान अंतरे स्वीकारली ती सा बदलण्याच्या गरजेपोटी. आपल्या संगीतात सा मैफल संपेपर्यंत हलत नाही. ज्या रोगासाठी हे औषध होते तो रोग आपल्याला नव्हता. औषध मात्र आपण पिढ्यान् पिढ्या घेत आहोत. तंबोरा एका बाजूने सव्वापटीचा गंधार सांगत असतो आणि त्याच बैठकीत पेटी दुसराच सांगत असते.

याविरुद्ध पहिला पद्धतशीर प्रयत्न करणाऱ्यांत एक नाव आपल्या महाराष्ट्रातले आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने स्वरांची मोजमापे घेतली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ई. क्लेमंट्स हे सनदी सेवेतील न्यायाधीश त्यांच्याबरोबर होते. या दोघांच्या खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून बराच वाद झाला. पेटी काही रुळली नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी हाच धागा पुन्हा हाती घेतला. त्यांच्या पेटीत सा आणि पंचम अचल असून उरलेल्या दहा पट्ट्यांना प्रत्येकी दोन श्रुती दिलेल्या आहेत आणि खुंटी ओढून हवी ती निवडता येते.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी घातली. ती शिथिल व्हावयास १९७१ साल उजाडले. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांत दिल्ली केंद्रावरील जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार होते, तसे स्वदेशीचे अभिमानीही होते. पेटीचे स्वर तंबोऱ्याशी जुळत नाहीत, हा त्यांचा मुद्दा गणिताने खरा आहे. परंतु त्याच काळात हीच पेटी आंबेडकरी जलशांत गावोगाव फिरत होती. ज्यांना कोणत्याही घराण्याची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या हाती तिने सूर दिला. तंबोरा लावण्याची विद्या गुरूवाचून येत नसे आणि गुरू सर्वांना मिळत नसे. पेटीची पट्टी मात्र कोणीही दाबली तरी तोच स्वर देई, जात विचारीत नसे. म्हणून पेटीला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसणार नाही. ‘शुद्ध’ या शब्दाने आपल्या समाजाचे जे केले ते विसरता येण्यासारखे नाही, आणि त्यामुळेच या लेखात ‘शुद्ध स्वरमेळ’ असा प्रचलित शब्द न वापरता आम्ही ‘नैसर्गिक स्वरमेळ’ म्हणतो. सव्वापट ही सव्वापट आहे. तिला सोवळे नाही.

आता विद्युत्‌वाद्यांकडे वळू. पेटीत पितळी सूर घासून स्वर बसवावा लागतो. एकदा बसवला की बसला. सिंथेसायझरमध्ये तार नाही, सूर नाही. तेथे स्वर म्हणजे केवळ एक संख्या, आणि संख्या बदलण्यास कानसही लागत नाही. म्हणजे बारा पट्ट्यांची जुनी अडचण या यंत्राला मुळातच नव्हती. तरीही कारखानदारांनी पियानोचीच संख्याकोष्टके आत भरली. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून मिडी ही सांकेतिक भाषा ठरली. तिच्यात ‘अमुक क्रमांकाची पट्टी दाबली’ एवढाच निरोप जातो. त्या पट्टीचा स्वर कोणता हे यंत्राने समान अंतरांनी गृहीत धरायचे. त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स ७ या गाजलेल्या सिंथेसायझरमध्ये पट्ट्यांचे स्वर एकेक करून बदलण्याची सोय नव्हती. १९८७ च्या त्याच्या पुढच्या आवृत्तीत ती आली. १९९२ मध्ये मिडीला स्वरजुळणीचे प्रमाणक जोडले गेले, ज्यात दोन पट्ट्यांमधील अंतराचे १६,३८४ भाग करता येतात. कान एवढे बारीक ऐकत नाही.

ही दारे उघडताच काही संगीतकार आत शिरले. वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये मूग सिंथेसायझरवर बाखच्या रचना वाजवून जगभर नाव मिळवले. ती तबकडी समान अंतरांतलीच होती. पुढे १९८६ च्या ‘ब्यूटी इन द बीस्ट’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी समान अंतरांचे ते सप्तक पूर्णपणे सोडून दिले, आणि १९९२ मध्ये बाखच्या त्याच जुन्या रचना पुन्हा वाजवल्या तेव्हा स्वरजुळणी बाखच्या काळाला साजेशी घेतली. दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ ऐकाव्यात. आमच्या मते या विषयावरचा दहा व्याख्यानांइतका खुलासा तेवढ्याने होतो.

त्याहून जवळचा दुवा टेरी रायली यांचा. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले. तेथे ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे दोन प्रस्थापित अमेरिकन संगीतकार त्यांचे शिष्य झाले. तंबोऱ्याशी गळा मिळविण्याची जी शिस्त त्यांना मिळाली, तिचा परिणाम त्यांच्या विद्युत्‌संगीतावर उघड दिसतो. रायली यांनी यामाहाचा एक विद्युत् ऑर्गन घेतला, त्याचे स्वर नैसर्गिक अपूर्णांकांवर बसवून घेतले, आणि वाजविलेले पुन्हा पुन्हा उशिराने ऐकू येईल अशा यंत्रातून तो नाद फिरवला. १९८० मध्ये ‘श्री कॅमल’ या नावाने ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत एकावर एक थर चढत जातात, तरी गढूळपणा येत नाही. समान अंतरांच्या ऑर्गनवर इतके थर चढवले असते तर त्यांची थरथर एकमेकींत मिसळून नुसता कल्लोळ झाला असता. यंग यांनी तर न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवरील एका घरात १९९३ पासून निव्वळ विद्युत् नादांची अशी योजना मांडून ठेवली आहे की, तेथे नुसती मान वळवली तरी ऐकू येणारा सूर बदलतो. देवलांनी ज्यांच्या गळ्यावरून मोजमाप घेतले ते अब्दुल करीम खाँ किराण्याचेच. सांगली-मिरजेहून न्यूयॉर्कला जाणारी ही वाट आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आपल्याकडेही कोणी स्वस्थ बसले नव्हते. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आज क्लासला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये तंबोऱ्याचे ॲप असते. तेही विद्युत्‌संगीतच, आणि तेथे पंचम दीडपटीचाच मिळवायचा असतो.

आता प्रत्यक्ष कृती. ज्या कीबोर्डात ‘स्केल ट्यूनिंग’ नावाची सोय आहे, त्यात प्रत्येक पट्टी काही सेंटने वरखाली करता येते. सा जागेवर ठेवून पुढील आकडे भरावेत: कोमल रिषभ १२ वर, रिषभ ४ वर, कोमल गंधार १६ वर, गंधार १४ खाली, मध्यम २ खाली, तीव्र मध्यम १० खाली, पंचम २ वर, कोमल धैवत १४ वर, धैवत १६ खाली, कोमल निषाद १८ वर, निषाद १२ खाली. गायकाचा सा काळी चार असेल तर हे सर्व आकडे काळी चारपासून मोजायचे. पांढरी एकसाठी भरलेले आकडे तेथे चालणार नाहीत, उलट ऐकवणार नाही इतके बिघडतील. संगणकावर काम करणाऱ्यांना याहून सोपे. नेदरलँड्सचे मानुएल ऑप दे कौल यांच्या ‘स्काला’ या प्रणालीमुळे स्वरकोष्टकाची एक साधी मजकूर-फाइल प्रचारात आली आहे. तीत एकेका ओळीवर एकेक स्वर लिहायचा: ५/४ असे लिहिले तर यंत्र तो अपूर्णांक समजते, आकड्यात दशांश चिन्ह असेल तर सेंट समजते. ‘सर्ज’ नावाचा विनामूल्य सिंथेसायझर ही फाइल वाचतो. म्हणजे देवलांना ज्यासाठी खास पेटी घडवून घ्यावी लागली, ते आज बारा ओळी टंकून होते, आणि त्याला पैसाही पडत नाही.

आवाजाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. ज्या आवाजात सहायक नाद विपुल आहेत, जसे ऑर्गन किंवा तंतुवाद्य, त्यातच हा फरक कळतो. बासरीसारख्या साध्या आवाजात तो फारसा जाणवत नाही. आवाज दाट करण्यासाठी ‘कोरस’ नावाचा जो परिणाम सवयीने लावला जातो, तो स्वतःच स्वराला हलवतो. तो बंद केल्याशिवाय सगळी मेहनत फुकट.

एक गाठ तरीही उरतेच. वरच्या कोष्टकात रिषभ २७० आणि धैवत ४०० येतो. रिषभाचा स्वतःचा पंचम ४०५ वर हवा. म्हणजे रिषभ-धैवत ही जोडी एकत्र धरली की ती चांगलीच बेसूर लागते, चूक २१.५ सेंटची, कीबोर्डच्या गंधारापेक्षाही मोठी. धैवत ४०५ वर नेला, म्हणजे १६ खालीऐवजी ६ वर केला, तर ही जोडी सुधारते आणि मध्यम-धैवत बिघडते. दोन्ही धैवत हवेत. ४०५ आणि ४०० यांचे हे ८१:८० चे अंतर म्हणजेच श्रुतींच्या चर्चेचे मूळ. जेथे धून एका वेळी एकच स्वर घेते तेथे चीज पाहून धैवत ठरवावा. जेथे अनेक स्वर एकत्र वाजतात तेथे दोन कोष्टके तयार ठेवून गाण्याच्या मध्ये बदलावीत.

श्रुतींचे कोष्टक हाती आले म्हणजे राग हाती आला, असे मात्र कोणी समजू नये. जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे आढळले की, नामवंत कलावंतांचा तोच स्वर एकाच वादनातही एका ठिकाणी स्थिर राहत नाही. दरबारीचा गंधार आंदोलनाने झुलतो. त्याला एक संख्या देणे म्हणजे झोपाळ्याचा पत्ता विचारण्यासारखे आहे. ज्या विद्वानांनी बावीस आकडे अंतिम म्हणून जाहीर केले, त्यांच्या परिश्रमांविषयी आदर ठेवूनही आम्हांस तो दावा मान्य करवत नाही. कोष्टकाचा उपयोग स्थिर स्वरांना: मागचा आधारस्वर, लांब धरलेली सुरावट, वंदनेच्या वेळी गाथांमागे मंद चालणारा सूर. तेथे मात्र फरक तत्काळ जाणवतो. गाणाऱ्या मुलांचा गळा गंधारावर आपोआप स्थिरावतो, कारण त्याला पट्टीशी झगडावे लागत नाही.

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांनी मोबाइलवर तंबोरा लावावा, कीबोर्डचा सा त्याच्याशी मिळवावा, गंधाराची पट्टी दाबून धरावी आणि तिचा आकडा एकेक सेंटने खाली आणत जावे. दहाच्या सुमारास थरथर मंदावते; तेरा-चौदावर ती थांबते. आकडे भरून झाल्यावर ते कीबोर्डच्या स्मृतीत वेगळ्या नावाने साठवावेत आणि मूळ मांडणीही हाताशी ठेवावी. स्नेहसंमेलनात गिटारवाला शेजारी बसला की तीच लागेल, कारण त्याचे पडदे समान अंतरांवरच ठोकलेले आहेत.